चालेल ना?

आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकण्यासाठी एक रबरी बाहुली होती. ती कायम पलंगावर झोपलेली असायची आणि तिला आम्ही वन्सं म्हणायचो. का, ते लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. दिवसभर पडून राहायचं, हात म्हणून हलवायचा नाही आणि बाकीच्यांनी पुढेपुढे करायचं. आमच्या वन्संचं कुणी तोंड पुसायचं, कुणी पाठ चोळायचं, कुणी नखं कापायचं. खरं तर त्यांना नखं नव्हती. पण मार्क नखांनाही होते, म्हणून आम्ही कात्री हवेत चालवायचो.

वन्संचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यांची कशालाच ना नसायची. गार पाणी, कढत पाणी, उलटा घातलेला गाऊन, सगळं गोड मानून घ्यायच्या. त्यांना तोंड होतं, पण नळी घालण्यापुरतं.

पुढे माझ्यावर जी वेळ आली, ती माझ्या जिभेमुळे आली असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या मते ती वन्संमुळे आली.

आम्हाला शिकवायला ज्या बाई होत्या त्यांचं आम्ही ठेवलेलं नाव इस्त्रीबाई. त्यांच्या पांढऱ्या कोटाची घडी सकाळी जशी असायची तशीच संध्याकाळी असायची. मधल्या वेळात त्या चाळीस पोरींना ओरडायच्या, दोन वॉर्ड फिरायच्या, पण घडी ढळायची नाही. शिकवायच्या मात्र झकास. आजारी माणसाचं अंग पलंगावरच कसं पुसायचं, ते मी त्यांच्याकडून शिकले आणि अजून तसंच करते. आधी डोळे, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. मग तोंड, मान. मग लांबचा हात, मनगटाकडून खांद्याकडे. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं करायचं, बाकी चादरीखाली. लुळा हात असेल तर कपडे काढताना चांगला हात आधी, घालताना लुळा आधी. हे सगळं पाठ नसेल तर बाईंच्या वर्गात उभं राहायची सोय नव्हती.

या सगळ्याच्या आधी दोन पायऱ्या. पहिली, हात धुणे. दुसरी, रुग्णाला समजावून सांगणे आणि संमती घेणे. त्या दुसऱ्या पायरीला एक मार्क होता आणि त्याचं वाक्य ठरलेलं होतं: "मी आता तुमचं अंग पुसून देणार आहे, चालेल ना?" हे एका श्वासात म्हणायचं. 'ना' म्हणेपर्यंत हात पाण्यात गेलेला असायचा. आम्ही सगळ्या जणी असंच म्हणायचो, पोपटासारखं. वन्संचं उत्तर यायचं नव्हतंच, मग थांबायचं कशाला?

एकदा वन्संचा खांदा निखळला आणि त्या दुरुस्तीला गेल्या. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मिरची, तू झोप."

मिरची म्हणजे मी. हे नाव पहिल्याच आठवड्यात पडलं आणि मीही ते अंगाला लावून घेतलं, उगाच खोटं कशाला बोला. मी पलंगावर चढले. माझं अंग पुसायला आली माझी मैत्रीण ससा. बाईंच्या बुटांचा आवाज आला की तिचे कान आधी लाल व्हायचे, म्हणून ससा.

मी पहिल्यांदाच त्या पलंगावर आडवी झाले होते. तिथून जग फार वेगळं दिसतं. छताचा पोपडा दिसतो, मग माझ्याकडे वाकलेल्या हनुवट्या दिसतात आणि हनुवट्यांच्या वर नाकपुड्या. एकोणचाळीस पोरींच्या अठ्ठ्याहत्तर नाकपुड्या. कुणाचेही डोळे दिसत नाहीत, कारण सगळ्या जणी तुमच्या हाताकडे नाहीतर पाण्याच्या भांड्याकडे बघत असतात.

"मी आता तुमचं अंग पुसून देणार आहे, चालेल ना?" ससा म्हणाली आणि ओलं फडकं माझ्या मानेला लागलंसुद्धा.

"नको," मी म्हटलं.

वर्ग खिदळला. ससाचे कान पेटले. तिने फडकं धरलेला हात तसाच हवेत ठेवला आणि बाईंकडे बघितलं.

"पेशंट असं म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

"का नाही म्हणत?"

"कारण त्याला बरं व्हायचं असतं."

"मलापण बरं व्हायचंय बाई. पण पाणी गार आहे."

"तू आत्ता डमी आहेस. डमीला मत नसतं. ससा, पुढे."

ससा पुढे गेली. माझ्या कानात पाणी गेलं, तरी मी गप्प पडून राहिले. चेष्टा म्हणून बोलले होते ते खरं. पण मी नको म्हटल्यावरही ते फडकं माझ्या मानेवरून फिरत राहिलं, तेव्हा मला चेष्टेतली गंमत काही राहिली नाही. राग आला. कुणाचा, ते त्या दिवशी कळलं नाही.

आता परीक्षेचं सांगते. या प्रॅक्टिकलला मी आधी एकदा नापास झाले होते. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा यावरून परीक्षकांशी माझा शब्दाला शब्द वाढला. कोपरा त्यांचाच बरोबर होता, तरी मी माघार घेतली नाही आणि गेले. नियम असा की एकच प्रॅक्टिकल दोनदा नापास झालं की कॉलेजातून नाव कमी. घरी काका टपूनच बसले होते. त्यांचं टायरचं दुकान होतं आणि त्यांनी गल्ल्यामागची एक खुर्ची माझ्यासाठी पुसूनसुद्धा ठेवली होती. "आपल्यातल्या पोरींना झेपतं का ते? टायर काही उलट बोलत नाही, आणि हिला उलट बोलणारं कुणी चालत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. माझी आई पडदे शिवायची. ती काकांना काही बोलली नाही. मला मात्र निघताना म्हणाली, "या वेळी जिभेला गाठ मारून जा बाई. पास झालीस की सोड."

मी जिभेला गाठ मारून गेले, शप्पथ.

परीक्षा खऱ्या वॉर्डात, खऱ्या पेशंटवर असते. आणि परीक्षेचे पेशंट निवडलेले असतात, हे बाहेर कुणाला माहीत नसतं. जो रडतो तो नको. ज्याची बायको शेजारी बसून शंभर प्रश्न विचारते तो तर नकोच. लागतो तो 'शहाणा' पेशंट, म्हणजे एकटा आणि गप्प. त्या दिवशी बायकांच्या वॉर्डात असा शहाणा पेशंट एकच होता. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या लाँड्रीवाल्या मावशी.

मावशींची स्वतःची लाँड्री होती. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डोकं शाबूत होतं, पण बोलणं फार सावकाश झालं होतं. खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा एकेक शब्द वर यायचा. आधी ओठ हलायचे, मग कितीतरी वेळाने आवाज. आम्ही पोरी कामाच्या घाईत असायचो. त्यांचा शब्द वर येईपर्यंत आम्ही तिसऱ्या पलंगापाशी पोचलेलो असायचो, आणि म्हणून सगळा वॉर्ड म्हणायचा की मावशी बोलत नाहीत. मी मात्र त्यांना चादर चिमटीत धरून, अंगठ्याने घासून बघताना पाहिलं होतं. चादर नीट धुतलेली नसली की त्या नाक मुरडायच्या.

चिठ्ठ्या काढायच्या होत्या. ससाला निघालं 'अंग पुसणे, कोपऱ्यातला पलंग'. ती पडद्याआड गेली आणि बऱ्याच वेळाने लाल कान घेऊन बाहेर आली. "झालं गं! एक पायरीसुद्धा चुकली नाही," म्हणाली आणि माझा हात दाबला. मग मी चिठ्ठी उघडली. मलाही तेच. तोच कोपरा.

"आत्ताच झालं ना त्यांचं?" मी ससाला विचारलं.

"माझ्याआधी अजून दोघींचं झालंय," ती म्हणाली. "बरंय की. सवय झालीय त्यांना."

मी ट्रॉली ढकलत पडद्याआड गेले. तिथे बाहेरून आलेल्या परीक्षक उभ्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात घड्याळ. शेजारी आमच्या इस्त्रीबाई. आणि पलंगावर मावशी. मानेजवळचे केस ओले होते, गाऊनची कडही ओली. चांगल्या हातावर काटा उभा राहिला होता आणि लुळ्या हाताची मूठ चादरीवर वळून पडली होती. साबणाचा वास अजून जागेवर होता.

मी हात धुतले. पहिली पायरी.

"मी आता तुमचं अंग पुसून देणार आहे, चालेल ना?"

आणि सवयीने माझाही हात पाण्याकडे निघाला. ते मी लपवणार नाही. बोटं पाण्याला टेकणार तेवढ्यात मला मावशींचे ओठ दिसले. ते हलत होते.

मी हात मागे घेतला.

"पुढे," परीक्षक म्हणाल्या.

"थांबा ना. त्या बोलतायत."

"कुठे बोलतायत? पुढे चल, वेळ जातोय."

मी गेले नाही. मावशींच्या तोंडाशी वाकून उभी राहिले, आणि या वेळी डोळ्यांकडे बघत. घड्याळ टिकटिकत होतं, इस्त्रीबाईंचा बूट एकदा करकरला, पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. मावशींच्या गळ्याची शीर ताठ झाली.

"न... को."

परीक्षकांनी चष्मा वर सारला. मावशींचं अजून संपलं नव्हतं. मी थांबूनच राहिले.

"ती... न... दा... धुत... लं," त्या म्हणाल्या. दम घेतला. "रंग... जा... ईल."

आणि अर्ध्या तोंडाने हसल्या! मला इतकं हसू फुटलं की ट्रॉलीवरचं भांडं हिंदकळलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण तेव्हाच लक्षात आलं. ही बाई सकाळपासून तीन वेळा नको म्हणाली असणार. तिचं नको वर येईपर्यंत तिचं तोंड पुसून झालेलं असायचं.

"ठीक आहे," परीक्षक म्हणाल्या. "रुग्ण सहकार्य करत नसेल तर समजूत काढायची असते. काढ आणि सुरू कर."

"कसली समजूत काढू? त्या स्वच्छ आहेत. त्यांना थंडी वाजतेय."

"हे बघ, मी तुझं कौशल्य बघायला आलेय, तुझी मतं ऐकायला नाही. प्रक्रिया दाखव, नाहीतर शून्य लिहिते."

"मैत्रिणीला विचारून तिच्यावर दाखवते. आत्ता दाखवते. कुठलीही पायरी विचारा."

"परीक्षा पेशंटवरच असते."

"मग दुसऱ्या पायरीला मार्क कशाचा ठेवलाय?" जिभेची गाठ सुटली ती सुटलीच. "संमती घ्यायची ना? मी मागितली, त्यांनी दिली नाही. नको म्हटल्यावर काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही. तुम्ही सांगा."

"मिरची," इस्त्रीबाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि हळू बोलल्या. "पूर्ण कर. काय होईल ते तुला माहितीये."

माहीत होतं. नाव कमी होणार होतं. गल्ल्यामागची खुर्ची दिसत होती मला, टायरचा वास येत होता. मला नर्स व्हायचं होतं हो, दुसरं काही होताच येणार नव्हतं मला. फडकं हातात होतं, पाणी कोमट होतं आणि सगळ्या पायऱ्या पाठ होत्या.

मावशी आमच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी चांगला हात उचलला आणि अंगावरची चादर स्वतःच हळूहळू खाली सारली.

"क... र," त्या म्हणाल्या. "पा... स... हो."

"झालं तर मग," परीक्षक सुटल्यासारख्या म्हणाल्या. "संमती मिळाली. चल."

मी चादर पुन्हा मावशींच्या गळ्यापर्यंत ओढली. "ही त्यांनी माझ्यासाठी दिली," मी म्हटलं. "त्यांच्या स्वतःसाठी त्या नकोच म्हणाल्यात. ते मी ऐकलंय, आता न ऐकल्यासारखं कसं करू?"

परीक्षकांनी लिहिलं. त्यांचं पेन कागदावर गोल फिरताना मला दिसलं. शून्य लिहायला फार वेळ लागत नाही.

मी फडकं ठेवलं आणि मावशींना विचारलं, "मग काय करू तुमच्यासाठी?"

पुन्हा ओठ हलले. परीक्षक निघून गेल्या, इस्त्रीबाई मात्र पडद्यापाशी उभ्याच राहिल्या.

"के... स."

मी कोरडा टॉवेल घेतला, त्यांच्या मानेजवळचे ओले केस टिपून काढले, त्यांना विचारून ओला गाऊन बदलला, घालताना लुळा हात आधी. मग केस विंचरले आणि एक घट्ट वेणी घातली. याला कुठे मार्क नव्हते. मावशींनी अंगठ्याने वेणी चाचपून बघितली. नाक मुरडलं नाही.

आठवड्याभरात पालकांना घेऊन या, असं बोलावणं आलं. आईने हातातला पडदा अर्धा टाकला आणि आली. तिच्या बाहीला दोरे चिकटले होते. कॉलेजच्या मोठ्या बाईंच्या खोलीत आम्हाला समोर बसवलं. इस्त्रीबाई बाजूला उभ्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आईसाठी पाणी मागवलं. म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. पण परीक्षकांना तिने उलट उत्तरं दिली, परीक्षा अर्ध्यात सोडली. नियमाने तिचं नाव कमी व्हायला हवं. मी मध्ये पडलेय. तिने परीक्षकांची माफी मागावी, चूक झाली एवढं म्हणावं. मी पुढच्या बॅचबरोबर तिला परत बसवते."

इतकं सोपं होतं. मला वाटलं, आई आता माझ्या पाठीत धपाटा घालेल आणि म्हणेल, माग. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते देव जाणे.

"थांब," आई म्हणाली. मग मोठ्या बाईंना, "मला जरा समजावून सांगा. हिने त्या बाईंना विचारलं?"

"हो."

"त्या नको म्हणाल्या?"

"हो, पण..."

"मग माफी परीक्षकांची कशाला? आधीच्या तिघींनी मागू दे ना त्या बाईंची. हिला पण घेऊन जा हवं तर, मी पण येते. रांगेत उभ्या राहू." आईने पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. "हिची जीभ लांब आहे, ते मला सांगू नका. मीच तिला नऊ महिने वागवलंय. पण या वेळी तिने जीभ नाही चालवली, कान चालवलेत."

मोठ्या बाईंनी इस्त्रीबाईंकडे बघितलं. "तुम्ही तिथे होतात. तुमचं काय म्हणणं?"

इस्त्रीबाईंनी कोटाची घडी उगाचच सारखी केली. ती सारखीच होती.

"मी चारही वेळा तिथेच होते," त्या म्हणाल्या. "पहिल्या तीन वेळा पेशंटचे ओठ हलले असणार. मला दिसले नाहीत." जरा थांबल्या. "दिसले नाहीत असं नाही. मी बघितलं नाही. विचारायचं, हे मीच यांना शिकवलंय. थांबायचं शिकवलं नाही. या मुलीला ते कुठून आलं मला माहीत नाही, माझ्याकडून तर नाही."

शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या की शून्य ते शून्यच राहील, परीक्षकांनी दिलेलं त्यांना बदलता येत नाही. पण नाव कमी करणार नाही. सहा महिन्यांनी पुढच्या बॅचबरोबर पुन्हा बस. माफीचं त्यांनी परत काढलं नाही, आणि मी मागितली नाही.

बाहेर पडल्यावर आई भराभर चालायला लागली. ती रागावली की अशी चालते. मी मागून जवळजवळ धावत होते.

"आई, चिडलीस?"

"तुझ्यावर नाही." तिने तशाच झपाट्यात रस्ता ओलांडला. मग म्हणाली, "तू झालीस ना, तेव्हा माझ्याभोवती पोरी उभ्या होत्या शिकायला. दहा तरी असतील. तुझ्याच वयाच्या. एकीने विचारलं, आम्ही बघितलं तर चालेल ना. मी कळांनी तळमळत होते, तोंडातून शब्द फुटेना. त्या बघत राहिल्या." तिने बाहीचा एक दोरा ओढून काढला. "मी नको म्हणणार होते गं."

हे तिने मला त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं, आणि त्यानंतरही परत बोलली नाही. काकांना मात्र घरी गेल्या गेल्या सांगितलं, "त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवा, भाऊजी."

सहा महिने मी माझ्याहून लहान पोरींच्या वर्गात बसले. ससा पास होऊन पुढच्या वर्षाला गेली होती. जिन्यात भेटली की तिचे कान लाल व्हायचे. एकदा म्हणाली, "मी गेले होते मावशींकडे. पाच मिनिटं थांबले, तेव्हा म्हणाल्या, जा अभ्यास कर." मावशी नंतर त्यांच्या भाच्याकडे राहायला गेल्या. परीक्षेचे पेशंट अजूनही निवडले जातात. काही बदललं वगैरे नाही, उगाच कुणी तसं समजू नये.

वन्सं दुरुस्त होऊन आल्या होत्या, पण त्यांचा खांदा काही धड बसला नव्हता. एके दिवशी अंग पुसण्याचा धडा होता आणि ऐन वेळी तो पुन्हा निखळला आणि वन्संचा हातच बाईंच्या हातात आला. नव्या पोरी फिसकन हसल्या. बाईंनी तो हात टेबलावर ठेवला आणि वर्गावरून नजर फिरवली.

"मिरची. पलंगावर."

मी चढले. छताचा पोपडा अजून तिथेच होता, थोडा वाढला होता. पोरी भोवती गोळा झाल्या. या वेळी अंग पुसायला बाईंनी कुणाला पुढे बोलावलं नाही. स्वतः बाह्या वर केल्या, हात धुतले, कोरडे केले आणि माझ्याजवळ आल्या.

"मी आता तुझं अंग पुसून देणार आहे," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

आणि थांबल्या.

फडकं पाण्याच्या भांड्यात बुडालेलं होतं. बाईंचे दोन्ही हात कोरडे होते, पलंगाच्या कडेवर टेकलेले. त्यांनी मान इतकी खाली वाकवली होती की मला नाकपुड्या दिसल्याच नाहीत, सरळ डोळे दिसले. पोरींना काही कळेना. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई विसरल्या वाटतं पुढचं." बाईंनी तिकडे बघितलं नाही.

हो म्हणणं सोपं होतं. पाण्यातून वाफ येत होती, ते गारही नव्हतं. बाई माझ्यासाठी उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा मान ठेवायला हवा, हेही मला कळत होतं. पण मग त्या पोरी काय शिकल्या असत्या? की थांबलं तरी उत्तर 'हो'च येतं.

"नको," मी म्हटलं.

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी पाण्याचं भांडं उचलून लांब ठेवलं, माझ्या अंगावरची चादर नीट केली आणि विचारलं,

"मग काय करू?"

मला काही सुचेना. एवढी बोलघेवडी मी, पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. पोरी माझ्याकडे बघत होत्या, आणि बाई थांबून राहिल्या होत्या.